इनास सतरा तारखेला गेला

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात आमची कंपनी पंजाबच्या सीमेवर एका कालव्याकाठी लागली. कालवा फार मोठा नव्हता. तिकडचे शेतकरी त्याला सुआ म्हणत. दोन्ही बाजूंना मातीचे बांध, बांधावर शिसमाची झाडं, पलीकडे गव्हाची शेतं आणि शेतांच्या पलीकडे दुसरा देश. आमचे खंदक अलीकडच्या बांधाच्या पोटाशी खणलेले. कालव्यातलं पाणी आमच्या डोक्याच्या वरून वाहत असे. युद्ध लागल्यावरही ते बंद केलं नाही, कारण पाण्याने भरलेला कालवा हाच शत्रूच्या रणगाड्यांना आडवा होता.

मी प्लाटूनचा वायरलेस ऑपरेटर. शिपाई राऊत, गाव वटार, तालुका वसई. कंपनीत आपल्या तालुक्याचा आणखी एकच होता. इनास तुस्कानो, गाव गिरीज. मी वाडीवाला, तोही वाडीवाला. केळी, पानवेल, नारळ, भाजी. भरतीच्या आधी आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. तो ख्रिस्ती, त्याचं देऊळ म्हणजे चर्च; माझं वेगळं. ओळख झाली ती ट्रेनिंग सेंटरच्या नळावर. मी कोणाला तरी "पानी सोड" म्हणालो, तर मागून आवाज आला, "हा आमच्या बाजूचा दिसतो. आता जेवायला भात मिळाला नाही म्हणून रडेल." तो इनास.

मी हे आता का लिहितोय ते आधीच सांगतो. दरवर्षी सोळा डिसेंबरला आपल्याकडे लाऊडस्पीकर लागतो. बँड येतो. शाळेची मुलं उन्हात उभी करतात. ढाक्याला शत्रूने शस्त्रं खाली ठेवली, तो दिवस. मोठा दिवस, मला मान्य आहे. त्या दिवसासाठी मीही लढलो. पण त्या भाषणांत दरवर्षी एक खोटं बोललं जातं, इनासच्या नावाने. आणि टाळ्या पडतात. मी सात वर्षं ते ऐकलं. ज्यांनी ऐकून टाळ्या दिल्या त्यांनी आता हेही ऐकावं.

आमचे प्लाटून कमांडर सुभेदार माने, साताऱ्याकडचे. पासष्टची लढाई बघितलेले. बोलायचे कमी, ओरडायचे भरपूर. दिवस ठरलेला. उजाडायच्या आधी स्टँड-टू, सगळे खंदकात हत्यार धरून उभे. मग चहा, हत्यारांची सफाई, खंदकाची डागडुजी, माझ्याकडे दर तासाला रेडिओ चेक. इनास एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, नंबर दोन होता. म्हणजे मॅगझिन भरायची, द्यायची आणि नंबर एक पडला तर त्याच्या जागी झोपायचं.

नोव्हेंबरात त्याच्या आईचं पार्सल आलं. केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी. इनासने पहिलं सुकेळं सुभेदारसाहेबांना दिलं.

"ह्ये चामडं कसलं रं?"

"केळं आहे साहेब. उन्हात वाळवलेलं."

"केळं? मग आमच्याकडं बाजारात मिळतंय ते काय?"

"ते कच्चं राहिलेलं, साहेब."

साहेबांनी चावून बघितलं. मग पार्सल सुरक्षित ठेवायचं म्हणून आपल्या बंकरमध्ये नेलं. आठवड्यात संपलं. इनास म्हणाला, "शत्रूने एवढं नुकसान अजून केलं नाही."

वाडीत एक रीत असते. वाडीतल्या माणसाला सांगायला नको, पण आता इथे इमारतीतले लोकही वाचतात म्हणून लिहितो. पाट फुटलेला दिसला तर कोणाच्या वाडीचा आहे ते विचारायचं नाही. आधी बुजवायचा. हातात फावडं नसेल तर पायाने माती ओढायची, केळीचा बुंधा आडवा टाकायचा, काहीच नसेल तर स्वतः आडवं पडायचं आणि हाक मारायची. जो फुटका पाट बघून पुढे गेला त्याला वाडीत कोणी चहा विचारत नाही. इनास हे अंगातून काढू शकला नाही. कालव्याच्या बांधातून कुठे ओल झिरपताना दिसली की ड्यूटी संपल्यावर हा तिथे. सुभेदारसाहेब ओरडायचे, "तुस्कानो, तुला पाटबंधारे खात्यात घ्यायला पाहिजे हुता." तो म्हणायचा, "साहेब, ओल दिसली की झोप येत नाही."

तीन डिसेंबरला युद्ध सुरू झालं. आमच्या भागात मोठा हल्ला झाला नाही. गस्तीच्या तुकड्या गेल्या, तोफा चालल्या, चार माणसं पडली. त्यांची गावं सातारा, सांगली आणि कोल्हापूरकडची. तिथेही कोणी त्यांच्यासाठी लिहावं. मी माझ्या माणसाचं लिहितो.

सोळा तारखेला, गुरुवारी, संध्याकाळच्या सुमारास कंपनी हेडक्वार्टरमधून सेटवर मेजरसाहेब स्वतः आले.

"ऑल स्टेशन्स. ढाक्याला शत्रूने सरेंडर केलंय. पूर्वेकडचं युद्ध संपलं. कळवा सगळ्यांना. ओव्हर."

मी "रॉजर" म्हटलं आणि हेडफोन काढून ओरडलो. खंदकातून खंदकात ते ओरडणं पसरत गेलं. कोणी टोपी उडवली, कोणी कोणाला मिठी मारली. शिस्त दोन मिनिटं मोडली, साहेबांनी मोडू दिली. मग ट्रान्झिस्टरवर दिल्लीची बातमी ऐकली. भारताने पश्चिमेकडेही आपणहून युद्धबंदी जाहीर केली होती. उद्या, सतरा तारखेला, रात्री आठपासून.

सुभेदारसाहेबांनी सगळ्यांना बसवलं.

"नीट आयका. लढाई तिकडची संपली. हितली उद्या आठला संपणार. आठपर्यंत कोण उगं डोकं वर काढंल तर मी खाली घालीन. समजलं?"

"समजलं साहेब."

त्याच वेळी इथे गिरीजला काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. रेडिओवर बातमी आली तशी देवळाची घंटा वाजली. घराघरांत ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद पोरांनी फाडून काढले. इनासच्या आईने, कातरीनमावशींनी, नवस बोलला होता की मुलगा लढाईतून वाचला तर शेजारच्या सगळ्या घरांना गोडाचं जेवण घालीन. त्यांनी त्याच रात्री भट्टी पेटवून जेवण घातलं. लढाई संपली म्हणजे मुलगा वाचला. त्यांचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. सगळ्या देशाने तोच हिशेब केला होता.

सतराला सकाळी शांत होतं. धुकं उठायला उशीर झाला. इनास मगातल्या पाण्याने दाढी करत बसला. आठ दिवसांची दाढी होती.

मी म्हटलं, "आज कोण बघायला येतंय तुला?"

"कोणी नाही. पण काल संध्याकाळपर्यंत मी नुसता शिपाई होतो. आज जिंकलेला शिपाई आहे. फरक दिसायला नको?"

दुपारी लंगरमधून मटण आलं, जिंकल्याचं. इनासने त्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. शुक्रवार होता. त्याच्या घरी शुक्रवारी मांस चालत नसे.

सुभेदारसाहेब म्हणाले, "आरं, लढाईत कसला शुक्रवार?"

"आईला कळतं साहेब."

"पंजाबातलं गिरीजला कळतं?"

"माझी आई आहे ती. तुमचंही कळत असेल."

सगळे हसले. साहेबही हसले. त्या खंदकात सगळे मिळून हसलो ते तेव्हा शेवटचं.

जेवण झाल्यावर तोफा सुरू झाल्या. एवढे दिवस पडला नव्हता एवढा मारा त्या दुपारी पडला. नागरिकांना हे समजत नाही म्हणून सरळ सांगतो. आठला बंद करायचं आहे हे दोन्हीकडच्यांना माहीत होतं. मग पुढे आणून ठेवलेला दारूगोळा परत लादून न्यायचा कशाला? त्यांनी आमच्यावर रिकामा केला. आमच्या तोफांनी त्यांच्यावर केला. त्यांच्या खंदकातही कोणी दाढी करून बसलेला असेल. वर्तमानपत्रात याला "युद्धबंदीपूर्वी तुरळक चकमकी" म्हणाले. ज्याने हा शब्द लिहिला त्याला मी त्या तुरळकात एक तास बसवला असता.

पहिल्याच माऱ्यात पोवार आणि शेलार जखमी झाले. पोवारच्या पोटात स्प्लिंटर, शेलारची मांडी. दोघांना बंकरमध्ये घातलं. तो बंकर सगळ्यात खोल, म्हणून सगळ्यात सुरक्षित. मी सेटवर गेलो.

"दोन कॅज्युअल्टी. एक गंभीर. इव्हॅक्युएशन पाहिजे. ओव्हर."

"आत्ता नाही. मागचा रस्ता फायरखाली आहे. अंधार पडल्यावर. ओव्हर."

"रॉजर. आउट."

त्यानंतर थोड्याच वेळात एक गोळा आमच्या बांधावर पडला. माझा डावा कान त्या आवाजात गेला, तो अजून आलेला नाही. धूळ बसली तेव्हा बांधाच्या माथ्यावर हातभर रुंदीची खांड दिसली. तिच्यातून कालव्याचं पाणी खाली येत होतं. सरळ खंदकात, आणि खंदकातून उतार धरून बंकरकडे.

डिसेंबरातलं पंजाबचं पाणी. घोट्याएवढं झालं. पोवार बंकरमध्ये जमिनीवर होता. आम्ही त्याला दारूगोळ्याच्या पेट्यांवर उचलून ठेवलं. उचलताना तो ओरडला. मी पुन्हा सेटवर.

"बांध फुटलाय. बंकरमध्ये पाणी. बांध दुरुस्तीला सॅपर पाहिजेत. ओव्हर."

"सॅपर आठनंतर येतील. ओव्हर."

"आठपर्यंत बंकर राहणार नाही. निदान स्मोक द्या, म्हणजे आमचा माणूस बांधावर जाईल. ओव्हर."

"वेट. आउट."

वाट बघितली. उत्तर आलं, स्मोक उपलब्ध नाही. आमच्यामागे दुपारभर तोफा ओरडत होत्या. गोळे होते. धुराचा एक नव्हता.

बांधाच्या माथ्यावर जाणं म्हणजे पलीकडच्या मशीनगनपुढे उघड्यावर जाणं. सुभेदारसाहेबांनी हुकूम दिला, "अंधार पडूस्तवर कोण वर जाणार नाही. पाणी उपसा." आम्ही हेल्मेटने उपसायला लागलो. उपसलेलं टाकायला जागा नव्हती. ते परत आतच यायचं.

इनास उपसत नव्हता. तो खांडेकडे बघत होता.

"साहेब, ही थांबणार नाही. कडा खाते आहे. आता हातभर आहे, अंधारापर्यंत माणूसभर होईल. मग सगळा बांध बसेल."

"बघू तवा."

"तेव्हा बघायला पोवार नसेल."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मी दोघांच्या मध्ये उभा होतो. बंकरमधून शेलारचा आवाज आला, "साहेब, पोवारच्या पेटीला पाणी लागलं." खांडेच्या कडेचा एक मोठा लगदा आमच्या डोळ्यांदेखत तुटून खंदकात पडला. वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला, जड झाला.

मी म्हटलं, "साहेब, मीपण वाडीवाला आहे. आम्ही दोघं जातो."

"तू सेट सोडून कुठं जाणार?" इनास म्हणाला. "वटारच्या लोकांचं कालव्याचं काम मी बघितलंय. त्यापेक्षा गळलेलं बरं."

साहेब म्हणाले, "एकटा जा. झोपून. एलएमजी कव्हर देईल. वर दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं न्हाई."

इनासने फावडं घेतलं. आम्ही मातीची पोती खंदकातून वर सरकवून दिली, तो झोपून ती पुढे ढकलत गेला. एलएमजी सुरू झाली. पहिल्या दोन पोत्यांना पाण्याने ढकलून खाली फेकलं. मग तो वाडीत करतात तसं करायला लागला. पोतं सरळ खांडेत टाकायचं नाही, वरच्या अंगाने तिरकं लावायचं, म्हणजे पाणीच त्याला दाबून बसवतं. तिसरं बसलं. चौथं बसलं. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. साहेब खालून ओरडत होते, "तुस्कानो, माघारी ये!" त्याने मान न वळवता हात केला, अजून एक. आम्ही पाचवं वर दिलं. ते त्याने बसवलं, उरलेल्या फटीत फावड्याने माती ओढली आणि वरून दाबली. पाणी थांबलं. धार नुसती ओल झाली.

मशीनगनची बर्स्ट आली तेव्हा तो परत फिरलेला होता. मी ते बघितलं. जास्त लिहीत नाही. तो बांधाच्या उतारावरून घसरत खाली आला आणि आम्ही त्याला आत ओढलं. फील्ड ड्रेसिंग बांधायला जागा कुठे ते कळेना. तो शुद्धीवर होता. त्याने विचारलं, "राऊत, पाणी?" मला वाटलं प्यायला मागतोय. मी बाटली काढली. त्याने मान हलवली. मग मला कळलं. मी म्हटलं, "थांबलं." त्यानंतर तो बोलला नाही. अंधार पडायच्या आधी गेला.

त्याच दुपारी पलीकडच्या सरकारने युद्धबंदी मान्य केली होती. ते आम्हाला नंतर कळलं. आठ वाजता दोन्हीकडचं फायर बंद पडलं. खंदकात कोणी ओरडलं नाही. कोणी मिठी मारली नाही. पोवारला स्ट्रेचरवर नेलं. तो जगला. आज गावी शेती करतो, दोन मुलं आहेत. मोठ्याचं नाव इनास ठेवायचं म्हणत होता, घरच्यांनी ठेवू दिलं नाही.

इनासला तिकडेच छावणीजवळच्या ख्रिस्ती दफनभूमीत मूठमाती दिली. पाद्री आले होते. बंदुकांची सलामी झाली. गिरीजला तार गेली. ती नाताळाच्या आदल्या आठवड्यात पोचली. त्यात तारीख होती, सतरा डिसेंबर.

आता वसईकरांनो, तुमची गोष्ट.

मी मार्चमध्ये सुट्टीवर आलो तो तडक गिरीजला गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, लढाई सोळाला संपली ना? मग हा सतराला कसा गेला?" मी सगळं सांगितलं. पाट, पोती, फावडं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इथे जेवण घातलं तेव्हा तो होता?" मी म्हटलं, "होता मावशी. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला." त्या म्हणाल्या, "मग देवाने नवस घेतला कशाला?"

गावात कुजबुज होती. लढाई संपल्यावर मेला म्हणजे कसला शहीद? एकजण मला नाक्यावर तोंडावर विचारतो, "खरं सांग, गाडीखाली आला ना? नाहीतर दारू पिऊन कालव्यात पडला असेल. जिंकल्याची पार्टी असणार तुमची." मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. सोडवणाऱ्यांपैकीही एकजण म्हणाला, "पण राऊत, तारीख तर जमत नाही ना."

कानामुळे मला बोर्ड आउट केलं. मी घरी आलो, वालीवला एका कारखान्यात वॉचमन लागलो. माजी सैनिकाला या देशात दुसरी नोकरी नाही. ज्या हाताने सीमा राखली त्या हाताने मालकाचं गेट उघडायचं. तिथल्या कामगारांबरोबर पत्रकं छापायला शिकलो, वाटायला शिकलो, गेटसभेत बोलायला शिकलो. बरंच केलं, ते इथे नको.

मग आमच्या भागात स्मारक समिती निघाली. युद्धात गेलेल्यांसाठी नाक्यावर दगड उभा राहिला. त्यावर इनासचं नाव, आणि खाली ओळ: "सोळा डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर, विजयाच्या दिवशी धारातीर्थी पडला."

मी समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. निवृत्त हेडमास्तर, भला माणूस, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात.

"गुरुजी, तारीख चुकलीय."

"चुकलेली नाही राऊत. विचार करून घातलीय. सोळा लोकांना पाठ आहे. सतरा घातली की येणारा-जाणारा विचारणार, युद्ध संपल्यावर कसा गेला? त्या पोराचीच बदनामी."

"विचारलं तर सांगायचं."

"दर माणसाला? दगड बोलत नाही रे."

"खोटं बरोबर बोलतो."

"एका दिवसाने काय बिघडतं?"

"तुमच्या वडिलांचं श्राद्ध यंदा एक दिवस अलीकडे करा. मग मला सांगा काय बिघडतं."

गुरुजींना ते लागलं. पण मी थांबलो नाही. म्हटलं, सतरा डिसेंबर हा त्याचा दिवस आहे. जिंकलेल्या देशाचा शिपाई म्हणून तो फक्त तेवढाच जगला. त्या दिवशी त्याने दाढी केली. दोन माणसं वाचवली. तुम्ही तो दिवसच कापून टाकला, तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही म्हणून. आणि सतराला जे झालं ते कोणाला सांगायचं नाही, कारण मग विचारावं लागेल की ठरलेल्या वेळेपर्यंत माणसं मारत बसायचं हे कोणी ठरवलं. धुराचा एक गोळा का नव्हता. सोळा घातली की सगळं गोड.

गुरुजी म्हणाले, "त्याच्या आईने लिहून दिलं तर दगड बदलू. माझा शब्द."

मी पत्रक छापलं. मथळा, "सोळा नव्हे, सतरा!" वटार, गिरीज, वालीवच्या गेटवर वाटलं. सह्या घेतल्या. कामगारांनी केल्या, वाडीवाल्यांनी केल्या. फक्त एक सही राहिली होती. मी मावशींकडे गेलो. त्या पानवेलीची पानं लावत बसल्या होत्या. पानाखाली पान, देठ एका बाजूला. मी कागद पुढे ठेवला आणि वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला.

"चांगलं लिहिलंस. इनास असता तर हसला असता, राऊत एवढा शहाणा कधी झाला म्हणून."

"सही करा मावशी. अंगठा चालेल."

"नको."

मला वाटलं मला एका कानाने नीट ऐकू आलं नाही.

"मावशी, ते खोटं आहे."

"मला ठाऊक आहे. सतराला मी देवळात त्याच्यासाठी मिस्सा ठेवते ना. पहिल्या वर्षी बसायला जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी अर्धं देऊळ. मागच्या सतराला कोण होतं सांग? मी, त्याची बहीण आणि तू. सोळाला नाक्यावर किती असतात? बँड असतो. ती शाळेतली मुलं त्याचं नाव मोठ्याने घेतात. मी मागे उभी राहून ऐकते. तू सतरा करशील. मग सोळाला ते त्याचं नाव घ्यायचे नाहीत, म्हणतील हा आजचा नव्हे. आणि सतराला कोणी यायचं नाही. मग त्याचं नाव घेणार कोण? त्याची माती पण इथे नाही."

"मी घेईन."

"तू घेशील रे. तुझ्या एकट्याच्या आवाजाने माझं भागत नाही."

त्या पुन्हा पानं लावायला लागल्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला. गुरुजींना मी काही कळवलं नाही. कळवायची गरज नव्हती, मावशी सही करणार नाहीत हे त्यांना आधीच माहीत होतं.

दगडावर सोळा आहे. राहील. यंदाही सोळाला कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी भाषण केलं, विजयाची बातमी ऐकतच वीर तुस्कानोने हसत प्राण सोडला असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मावशी मागे उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी मी. मी ओरडलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून सुट्टी घेऊन सकाळच्या मिस्सेला गेलो. मी हिंदू, शेवटच्या बाकावर बसतो. फादरांनी नावं वाचली. कोणाच्या तब्येतीसाठी, कोणाच्या परीक्षेसाठी, आणि मध्ये "इनास तुस्कानो, मृतात्म्यास शांती." पुढच्या बाकावर मावशी आणि त्याची बहीण. बहिणीचं लग्न ठरलंय, मे महिन्यात ती सासरी जाईल, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. पुढच्या सतराला आम्ही दोघंच असू. मावशींना हल्ली देवळाची पायरी चढवत नाही.